कोलेस्टेरॉलसाठी दाणे: खान्देशच्या बाजारातला कोणता माल घेण्यासारखा

निकाल आधीच सांगून टाकतो. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, थोडं खाली आणायचं म्हणून रोज मूठभर दाणे (शेंगदाणा, बदाम, अक्रोड वगैरे) खायचं ठरवलं असेल, तर खान्देशातल्या माणसाने पहिला पैसा सालीसकट, बिनमिठाच्या भाजलेल्या शेंगदाण्यावर घालावा. दुसरा अक्रोडावर, पण हिवाळ्यात आणि नीट पारखून. साधा कॅलिफोर्निया बदाम परवडत असेल तर तिसरा. मामरा बदाम, ‘डाएट मिक्स’ची चकचकीत पाकिटं आणि मध लावलेला काजू हे कोलेस्टेरॉलच्या नावाखाली घेऊ नयेत, आवडतात म्हणून घ्यायचे तर खुशाल घ्या. आणि सुक्या मेव्याच्या रांगेत बदामाला खेटून ठेवलेली खोबऱ्याची वाटी या हिशेबात धरायचीच नाही.

आता या दाण्यांकडून किती अपेक्षा ठेवायची ते पाहू, कारण दुकानातली पाटी फार मोठं बोलते. २०१० मध्ये २५ प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. लोक दिवसाला सरासरी ६७ ग्रॅम दाणे खात होते आणि त्यांचं एलडीएल रक्ताच्या डेसिलिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅमने, म्हणजे ७ टक्क्यांच्या आसपास उतरलं. ज्यांचं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी एक चरबी, १५० च्या वर होतं त्यांचं तेही उतरलं. ज्यांचं मुळात ठीक होतं त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. २०१५ मध्ये झाडावरच्या दाण्यांच्या, म्हणजे बदाम, अक्रोड, पिस्ता वगैरेंच्या ६१ प्रयोगांचा गोषवारा आला. त्यात रोजच्या २८ ग्रॅममागे एलडीएल ५ मिलिग्रॅमच्या जरा आत घटल्याचं दिसलं, आणि ६० ग्रॅमच्या पुढे परिणाम जास्त ठळक होता. तुमचं एलडीएल १५० असेल तर मूठभर दाण्यांनी ते १४५ च्या घरात येईल, १०० वर येणार नाही. डॉक्टर कोलेस्टेरॉलसाठी देतात ती स्टॅटिनची गोळी मध्यम मात्रेत तेच ३० ते ४९ टक्क्यांनी उतरवते. म्हणून ‘गोळी बंद, बदाम सुरू’ हा सौदा घाट्याचा आहे. गोळी चालू ठेवून दाणे खाता येतात, दोघांचं भांडण नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये पाकिटावर छापायला एक वाक्य मंजूर केलं. दिवसाला दीड औंस, म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम दाणे, कमी संपृक्त चरबीच्या (तूप, पामतेल, खोबरं यांत जास्त असते ती) आहारात खाल्ले तर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, ‘असं पुरावे सुचवतात, सिद्ध करत नाहीत’, असा त्याचा आशय. आपल्याकडच्या पाकिटांवर पहिला अर्धा भाग मोठ्या अक्षरात असतो आणि दुसरा अर्धा कुठेच नसतो. त्या यादीत शेंगदाणा होता, बदाम, अक्रोड, पिस्ता होते. काजू नव्हता, कारण त्यातली संपृक्त चरबी त्यांनी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त भरते.

हे घडतं कसं, तेही थोडक्यात. दाण्यातली चरबी बहुतेक असंपृक्त असते. ती संपृक्त चरबीच्या जागी आली की यकृत रक्तातलं एलडीएल जास्त उचलतं. दाण्यात फायटोस्टेरॉल नावाचे घटक असतात. ते दिसायला कोलेस्टेरॉलचे जुळे भाऊ, त्यामुळे आतड्यात त्याची जागा अडवून त्याचं शोषण कमी करतात. तिसरा तंतू. तो पित्ताम्ल बाहेर नेतो आणि नवं पित्त बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल खर्चावं लागतं. यातलं पहिलं कारण सगळ्यात वजनदार, आणि त्यातला ‘जागी आली की’ हा भाग लोक विसरतात.

इथेच खान्देशचं घोडं अडतं. आपल्याकडे शेंगदाणा नव्याने सुरू करायचा नसतोच, तो आधीपासून घरभर आहे. भरतात तळलेले दाणे, ठेच्यात दाणे, खिचडीवर दाणे, पालेभाजीत कूट, रश्शाच्या वाटणात कूट, शिवाय कढईत शेंगदाण्याचं तेल. त्यावर आणखी मूठभर दाणे संध्याकाळी टाकले तर १७० उष्मांकांची भर पडते, ती ज्वारीच्या एका मध्यम भाकरीइतकी. महिन्या-दोन महिन्यांत वजन वाढतं, ट्रायग्लिसराइड चढतं आणि दोष दाण्यावर जातो. उपाय साधा आहे: दाणे वाढवू नका, बदला. चहाबरोबरची शेव, फरसाण, खारी बिस्किटं बंद करून तिथे ३० ग्रॅम दाणे आणा. शेवेचे आणि दाण्याचे उष्मांक जवळपास सारखेच भरतात. फरक तेलात आहे. बाजारची पुष्कळशी शेव पामतेलात तळलेली असते आणि त्या तेलातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त. शेवभाजीवरचं प्रेम सोडा असं कोणी म्हणत नाही. आठवड्यातून एकदा ती ताटात असली तर बिघडत नाही. रोज चार वाजताची वाटीभर कोरडी शेव बिघडवते.

आता मालाकडे वळू, आणि सुरुवात शेंगदाण्यापासून.

शास्त्राने तो शेंगवर्गातला, डाळींचा भाऊबंद. पण चरबीची घडण झाडावरच्या दाण्यांसारखी. १०० ग्रॅमला सुमारे ४९ ग्रॅम चरबी, त्यात संपृक्त साधारण ६ ते ७ ग्रॅम. प्रथिनं २५, तंतू ८ च्या पुढे. बदाम-अक्रोडांवर जितके प्रयोग झाले तितके शेंगदाण्यावर झालेले नाहीत, हे मान्य करून चालायचं. तरी २०१० च्या त्या गोषवाऱ्यात तोही होता आणि त्याचा कल उलटा नव्हता. भावाच्या बाबतीत मग बाकीच्यांनी गप्प बसावं. हिशेबासाठी शेंगदाणा १५० रुपये किलो, बदाम ८०० आणि अक्रोडाचा गर १२०० धरला, तर रोजच्या ३० ग्रॅमला अनुक्रमे साडेचार, चोवीस आणि छत्तीस रुपये पडतात. चार माणसांच्या घरात महिनाभर हे चालवायचं असेल तर शेंगदाण्याला ५४० रुपये लागतात आणि बदामाला २,८८०. जे वर्षभर परवडतं तेच खाणं टिकतं.

आपल्या भागाचा या दाण्याशी जुना संबंध आहे. जेएल-२४ म्हणजे फुले प्रगती हा उपटा वाण जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचा. नावातला ‘जेएल’ जळगावचाच. तो साधारण ९० ते १०० दिवसांत निघतो आणि शेंगेत बहुधा दोन दाणे असतात. अशा लहान-मध्यम दाण्याला जाड्या ‘बोल्ड’ मालापेक्षा भाव कमी मिळतो, पण खाणाऱ्याच्या दृष्टीने त्याचं काही बिघडत नाही. घाऊक बाजारात माल ‘काउंट’वर विकला जातो. ५०/६० म्हणजे एका औंसात, अठ्ठावीस ग्रॅमला, ५० ते ६० दाणे. त्या मालाचे ३० ग्रॅम मोजायचे तर साठेक दाणे होतात. जाडा दाणा दिसायला छान, आत काही वेगळं नाही. एक अपवाद ठाऊक असावा: गिरनार-४ आणि गिरनार-५ हे २०२० मध्ये आलेले वाण. त्यांच्या तेलात ओलेइक आम्ल (असंपृक्त चरबीचा एक प्रकार) ८० टक्क्यांच्या आसपास असतं, नेहमीच्या दाण्यात ते बहुधा निम्म्याच्या आगेमागे. असा दाणा लवकर खवट होत नाही. गोणीवर ते नाव दिसलं तर दोन रुपये जास्त देऊनही घ्यावा.

शेंगदाण्यात खरा धोका बुरशीचा. खरिपाची शेंग निघताना पाऊस आला आणि शेंगा ओल्या ढिगात पडून राहिल्या की ॲस्परजिलस बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते यकृताला घातक आहे आणि घरच्या भाजण्याने पुरतं जात नाही. म्हणून निवडण्याला पर्याय नाही. दाणे परातीत पसरून सुरकुतलेले, काळपट-हिरवट, साल सुटलेले, किडीने पोखरलेले आणि कडवट वासाचे काढून टाका. किलोमागे मूठभर असे निघाले तर ठीक, ओंजळभर निघाले तर पूर्ण माल परत. काढलेला दाणा कुटात ढकलायचा नाही. गिऱ्हाइकाला कळत नाही म्हणून तयार कुटात असा माल खपवणं सगळ्यात सोपं असतं. त्यामुळे तयार कुटाचं पाकीट या आढाव्यात नापास. शेंगा घेत असाल तर कानाशी हलवून बघा, वाळलेली शेंग खुळखुळते.

भाजण्याबद्दल जरा सविस्तर, कारण चांगला दाणा इथेच वाया जातो. जाड बुडाची लोखंडी कढई, पाव किलो दाणे, मंद आच, १२ ते १५ मिनिटं, उलथनं थांबवायचं नाही. आच मोठी केली तर साल करपते आणि गर कच्चा राहतो. असा दाणा चार दिवसांत मऊ पडतो. साल चोळली की सुटते, आतला गर पांढऱ्याचा फिका बदामी झाला, की लगेच गॅस बंद आणि दाणे परातीत. कढईत राहू दिले तर आतल्या उष्णतेने आणखी दोन छटा गडद होतात आणि कडवटपणा येतो. ज्यांना जमत नाही त्यांनी खारी वाळू वापरणाऱ्या भट्टीवरून भाजून आणावेत, फक्त मीठ लावू नका म्हणून आधी सांगावं. साल काढू नका. तंतूचा काही भाग आणि सालीतले पॉलिफेनॉल फुकट घालवण्यात अर्थ नाही. दातात अडकते एवढीच तिची तक्रार.

कूट खाणाऱ्यांसाठी मोजमाप: मोठा सपाट चमचा म्हणजे ७ ते ८ ग्रॅम, चार चमचे म्हणजे दिवसाचा वाटा. भाजीत चौघांसाठी आठ चमचे कूट पडत असेल तर प्रत्येकाच्या पोटात अर्धा वाटा आधीच गेला. मग सुटे दाणे १५ ग्रॅमच घ्यायचे. भरतातल्या दाण्यांसाठी तेलात तळण्याऐवजी भाजलेले दाणे शेवटी मिसळा. चव थोडी बदलते, हे भरताच्या वांग्याची शपथ घेऊन कबूल करावं लागेल, पण तळणीचं तेल वाचतं. सणाच्या भरताला हा नियम लावू नये.

खारी सिंग, म्हणजे मीठ लावून भाजलेले शेंगदाणे, हा नंदुरबार-नवापूरकडे आणि सुरत-भुसावळ गाडीने भरूचकडून येणारा मोह. भरूचची सिंग चवीला अव्वल, कोरडी, तेलाशिवाय भाजलेली; एलडीएलच्या बाजूने तिच्यावर आक्षेप नाही. आक्षेप मिठाचा. पाकिटावर सोडियम किती मिलिग्रॅम ते पाहा आणि अडीचने गुणा. तेवढे मिलिग्रॅम मीठ. १०० ग्रॅमला सोडियम ४०० असेल तर मीठ एक ग्रॅम. दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लोणचं, पापड, ठेचा यांनी आपण ते दुपारपर्यंतच संपवतो. रक्तदाब असेल तर खारी सिंग टाळा. नसेल तर सुट्टीत, प्रवासात चालेल. बेसनाचं कवच लावून तळलेले मसाला शेंगदाणे वेगळी चीज आहे. त्यात वजनाचा मोठा भाग कवच आणि तेल, दाणा उरलेला. त्याला फरसाणाच्याच डब्यात बसवा. चिक्कीत निम्म्याच्या आसपास गूळ किंवा साखर. ट्रायग्लिसराइड वर असलेल्याने ती दाण्याच्या नावाने मोजू नये. पीनट बटर घ्यायचं तर घटकांची यादी एका ओळीची हवी: शेंगदाणे, फार तर मीठ. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते, त्यामुळे साखर दुसरी आली तर बरणी खाली ठेवा. ‘हायड्रोजनेटेड वनस्पती तेल’ किंवा ‘पाम’ दिसलं तरी तेच. वर तेल तरंगतंय म्हणून बरणी परत करणारे लोक आहेत. उलट तेच चांगल्या मालाचं लक्षण आहे, ढवळून घ्यावं.

अक्रोडाचे गुण निर्विवाद आहेत आणि दुकानात मिळणारा अक्रोड बऱ्याचदा वाईट असतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. १९९३ मधला, अक्रोड आणि कोलेस्टेरॉलच्या नात्याकडे लक्ष वेधणारा प्रयोग १८ पुरुषांवर झाला. २०२१ मध्ये आलेल्या प्रयोगात तर ६३ ते ७९ वयाच्या सातशेहून अधिक माणसांपैकी साधारण निम्म्यांना दोन वर्षं रोज ३० ते ६० ग्रॅम अक्रोड दिले आणि त्यांचं एलडीएल सरासरी ४ मिलिग्रॅमच्या थोडं वर उतरलं. दोन वर्षं टिकलेला फरक म्हणून तो लहान असूनही विश्वासाचा. १०० ग्रॅम अक्रोडात ६५ ग्रॅम चरबी. त्यातली बहुतांश अनेक दुहेरी बंधांची, शिवाय ९ ग्रॅम अल्फा लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतीतलं ओमेगा-३. हीच चरबी हवा, उजेड आणि उष्णता लागली की सगळ्यात आधी खवट होते. श्रीनगरच्या थंडीत तयार झालेला गर भुसावळच्या एप्रिलमध्ये उघड्या ट्रेमध्ये ठेवला तर काय होणार?

खरेदी नोव्हेंबर ते जानेवारीत करा. काश्मीरचा माल सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतो, दिवाळीनंतर ताजा मिळायची शक्यता जास्त. गर घेत असाल तर फिकट लोणी रंगाच्या फाका निवडा. तांबूस-तपकिरी गर म्हणजे जुना किंवा उन्हात वाळलेला. एक फाक मोडून आतला भाग पाहा: पांढरा, किंचित ओलसर हवा. जुन्या तेलासारखा किंवा घराला नुकत्याच दिलेल्या ऑइलपेंटसारखा वास आला तर भाव विचारू नका. जीभ चरचरली तरी तेच. अक्रोडाची साल थोडी तुरट असतेच, पण तुरट आणि खवट यांत चुकायला नको, खवटपणा घशात मागे रेंगाळतो. अखंड अक्रोड घेताना हलवून पाहा. आत खुळखुळला तर गर आकसलेला, जुना. शेंगेचा नियम इथे उलटा. टरफल धरून घेतलेल्या अक्रोडात गर निम्म्याहून थोडा कमीच निघतो, तेव्हा भावाची तुलना गराशी करा, वजनाशी नाही. ३० ग्रॅम म्हणजे १४-१५ अर्ध्या फाका. अर्धा वाटा शेंगदाणा, अर्धा अक्रोड असा रोजचा मेळ पैशाला आणि चरबीच्या प्रकाराला दोन्हीला बरा बसतो.

बदामाचा पुरावा सगळ्यात नीटनेटका. २००२ मध्ये एकाच गटाला आळीपाळीने पूर्ण आणि निम्मी मात्रा देऊन पाहिलं गेलं. रोज सुमारे ७३ ग्रॅमला एलडीएल ९ टक्क्यांच्या वर उतरलं, ३७ ग्रॅमला साडेचार टक्क्यांच्या आसपास. मात्रा दुप्पट केली तर परिणामही दुप्पट, इतका सरळ हिशेब आहारशास्त्रात क्वचित दिसतो. शिवाय बदामाचे उष्मांक पाकिटावर लिहिलेत त्यापेक्षा कमी मिळतात, कारण पेशीभित्तीत अडकलेली चरबी पुरती पचत नाही. २०१२ च्या मोजणीत २८ ग्रॅमला १७० ऐवजी १२९ च्या आसपास निघाले. पण बदाम दळून पीठ केला की ही सवलत घटते.

मामरा, गुरबंदी, कॅलिफोर्निया ही भांडणं मात्र चवीची आहेत. मामऱ्यात तेलाचं प्रमाण जास्त, आकार वाकडा, भाव तिप्पट-चौपट. एलडीएल त्याने जास्त उतरतं याचा पुरावा नाही. गुरबंदी लहान आणि गोड, पण त्यात मधूनच एखादा कडू बदाम निघतो. तो थुंकून टाका. त्यातल्या अमिग्डॅलिनपासून सायनाइड तयार होतं, आणि मुलांना देताना एकेक चाखून द्यावा. भिजवण्याने कोलेस्टेरॉलच्या बाबतीत काही फायदा होतो असं दिसत नाही. दात कमकुवत असतील तर भिजवा, साल ठेवा. उन्हाळ्यात भिजवलेला बदाम सकाळी खायचाच. दुपारपर्यंत ओट्यावर राहिला तर चिकट होतो, आंबतो. ३० ग्रॅम म्हणजे २४-२५ दाणे. घरात सकाळी पाच बदाम मोजून देणारे लोक ६ ग्रॅम देतात. ते संस्कार म्हणून ठीक, औषध म्हणून नाही.

पिस्ता चांगला, तंतू आणि फायटोस्टेरॉल दोन्ही भरपूर. पण आपल्याकडे तो बहुधा खारा मिळतो, आणि टरफलासह घेतला तर निम्मं वजन टरफलाचं. बिनमिठाचा मागा. मिठाईसाठी मिळणारे हिरवेगार ‘पिस्ता काप’ अजिबात घेऊ नका. रंग लावलेले शेंगदाण्याचे काप पिस्ता म्हणून विकल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. वाटीभर पाण्यात टाका. पाणी हिरवं झालं की समजायचं.

काजूची बदनामी थोडी जास्तच झाली आहे. त्यात संपृक्त चरबी इतरांपेक्षा जास्त आणि तंतू कमी, हे खरं. पण चेन्नईत टाइप टू मधुमेहाच्या ३०० जणांवर झालेला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगतो की १२ आठवडे रोज ३० ग्रॅम काजू देऊनही एलडीएल वाढलं नाही, एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, किंचित वाढलं आणि वरचा रक्तदाब थोडा उतरला. एलडीएल खाली आणायला काजू निवडू नका, आणि खाल्ला म्हणून घाबरूही नका. काजूची प्रत आकड्याने सांगतात: डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० काजू, ३० ग्रॅमला २०. डब्ल्यू-२४० चे १६. तुकडा स्वस्त आणि पोषण तेच, त्यामुळे अखंड काजू फक्त पाहुण्यांसाठी.

सातपुड्यात, धडगाव-तोरणमाळच्या पट्ट्यात आदिवासी बायामाणसं चारोळी गोळा करतात. दाणा चविष्ट, पण महाग, लवकर खवट होणारा आणि कोलेस्टेरॉलवर पुरावा नसलेला. खिरीत घाला, वाट्यात मोजू नका. मखाणे, मनुका, खारीक, अंजीर हे सुक्या मेव्याच्या दुकानात असले तरी यांच्यात या कामाची चरबी नाही.

खोबऱ्याबद्दल खान्देशात बोलणं म्हणजे काळ्या मसाल्याला हात लावणं. तरी सांगायला हवं: सुक्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या वर संपृक्त चरबी असते आणि तिने एलडीएल चढतं. मसाल्यातून पोटात जाणारं खोबरं चमचा-दीड चमचा असेल तर विशेष नाही. रश्शासाठी वाटीभर खोबरं तेलात परतून वाटणाऱ्यांनी त्यातला निम्मा भाग भाजलेल्या तिळाने आणि कुटाने भरावा. रस्सा दाट राहतो, रंग थोडा कमी काळा येतो.

‘मिक्स’ पाकिटांचं उरकून टाकू. घटकांत मनुका, साखरेत घोळलेली क्रॅनबेरी, बिया आधी आणि बदाम-अक्रोड शेवटी, असा क्रम दिसला तर तुम्ही दाण्याच्या भावाने साखर विकत घेताय. ‘रोस्टेड’ शब्दावर थांबू नका. ‘पामोलिन तेल’ यादीत असेल तर ते तळलेलं आहे. पाव किलोच्या तीन वेगळ्या पुड्या घेऊन घरी मिसळणं स्वस्त आणि खात्रीचं.

साठवण ही आपल्या भागात खरेदीइतकीच महत्त्वाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर जातो, पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात त्याहून वर. म्हणून मार्च ते जूनमध्ये महिन्याचा साठा करू नका. आठवड्याचा माल आणा आणि दुकानदाराला सरळ विचारा, ‘शेठ, ह्या पोत्यातला माल कधीचा?’ घरात अक्रोड फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या बरणीत, सहा महिने टिकवायचा असेल तर फ्रीझरमध्ये. बदाम आणि कच्चा शेंगदाणा काचेच्या बरणीत, अंधाऱ्या जागी. फ्रीजमधून काढलेली बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर आतल्या दाण्यांवर दव धरतं आणि आठ दिवसांत बुरशी. भाजलेला शेंगदाणा उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांत संपेल एवढाच भाजा. वासाने खवट झालेला दाणा पुन्हा भाजून ‘सुधारायचा’ प्रयत्न करू नका, वास दबतो, खवटपणा जात नाही.

काही लोकांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. ज्यांना ऑक्झलेटचे मुतखडे होतात त्यांनी बदाम-काजू जपून. मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम-फॉस्फरसची मर्यादा असेल तर मात्रा डॉक्टर ठरवतील. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर एक दाणाही नको. पाच वर्षांखालच्या मुलांना अखंड दाणे देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. कूट किंवा पातळ केलेलं पीनट बटर द्यावं.

परिणाम मोजायचा असेल तर सुरू करण्याआधी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, करून घ्या आणि ८ ते १२ आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत, त्याच वेळी, तितकाच उपास ठेवून पुन्हा करा. मधल्या काळात बाकी काही बदलू नका, नाहीतर श्रेय कोणाचं ते कळणार नाही. एलडीएल माणसात आपोआपच काही टक्के वर-खाली होत असतं, त्यामुळे एका तपासणीतली ५ अंकांची घट किंवा वाढ हा निकाल मानू नका. दोन तपासण्या एकाच दिशेने गेल्या तर धरा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर सूत्राने काढलेलं एलडीएल विश्वासाचं नसतं, तेव्हा थेट मोजलेलं मागा. आणि मोजणीच्या आधीच्या आठवड्यात लग्नाचं जेवण, मांडे-आमरस झाले असतील तर तारीख पंधरा दिवस पुढे ढकला. अशा आठवड्यात ट्रायग्लिसराइडचा आकडा दाण्यांपेक्षा पंगतीबद्दल जास्त सांगतो.